पुढचे पाचशे मीटर

‘ताई, मी ३२ वर्षांचा. राहायला कासारवडवली, नोकरी महापे एमआयडीसीत. आठ वर्षं रोज बाईकनेच जातो-येतो. मागच्या महिन्यात एका रविवारी सहा वर्षांच्या मुलीला मागे बसवून ठाण्यात चाललो होतो. कापूरबावडीच्या अलीकडे एका गाडीने इंडिकेटर न देता एकदम डावीकडे घेतलं. मी कसाबसा ब्रेक मारला. बघतो तर ड्रायव्हरच्या हातात मोबाइल. डोकंच फिरलं. माजिवड्याला सिग्नलवर त्याला गाठलं आणि हाताने त्याचा आरसा फोडला. सिग्नल सुटला तसा निघालो. घरी आल्यावर तासभर हात थरथरत होता. आता मुलगी रस्त्यावरच्या गाड्यांकडे बोट दाखवून म्हणते, “बाबा, याचा पण आरसा फोडा.” बायको म्हणते, बाईक विकून टाका. गाडी चांगली आहे, पुढचा ब्रेक जरा कमी लागतो तेवढंच, विकायची इच्छा नाही. पण मला माझीच भीती वाटायला लागली आहे. शांत कसं राहायचं ते सांगा. दीर्घ श्वास घ्या असं मात्र सांगू नका, सगळे तेच सांगतात.’

नमस्कार.

श्वासाबद्दल मी दोन ओळी लिहिणार आहे, तेवढी सूट द्या. पण आधी त्या आरशाबद्दल बोलू.

सिग्नलला बाईक बहुतेक वेळा डावीकडूनच पुढे सरकते, म्हणून मी धरून चालते की तुम्ही फोडलात तो डावा आरसा. डाव्या अंगाने येणारी बाईक ड्रायव्हरला दिसते ती त्याच आरशात. आरसा बदलून मिळायला दोन-चार दिवस जातात आणि तोवर गाडी घरी कोणी ठेवत नाही. म्हणजे तो माणूस दुसऱ्या दिवशी फुटक्या आरशानेच घोडबंदर रस्त्याला लागला असणार. त्या दिवसांत त्याच्या डावीकडून गेलेल्या बाईकवाल्यांत तुमच्यासारखंच कोणी लेकराला मागे बसवून निघालेलं असेल. मालमत्तेचं नुकसान हा गुन्हा आहे आणि त्याने तुमचा नंबर टिपला असता तर तुम्ही पोलीस ठाण्यात बसला असता, हे खरंच. पण मला जास्त लागलं ते हे, की ज्या न दिसण्यापायी तुमची मुलगी पडता पडता वाचली, तेच न दिसणं तुम्ही थोडं वाढवून आलात. तुम्हाला टोचायला हे लिहीत नाही. तुमचा हात तासभर थरथरत होता, म्हणजे तुम्हाला ते आतून कळलं होतं.

आता त्या दिवशी नेमकं काय झालं ते पाहू. गाडी आडवी आली कापूरबावडीच्या अलीकडे. तिथे तुम्ही ब्रेक मारलात. तुम्ही वाचलात, मुलगी वाचली, धोका तिथे संपला. तिथून माजिवड्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, ‘गाठलं’. मला काळजी त्या शब्दाची वाटली. किती वेगाने गाठलं? कोणाकोणाच्या मधून? डावीकडे बस होती का, रिक्षा होती का? मुलीने तुमचा शर्ट कुठे धरला होता? बहुतेक यातलं काहीच तुम्हाला आठवणार नाही. मलाही माझं फार थोडं आठवतं.

मी १९९८ पासून दुचाकी चालवते आहे, आधी स्कूटर, नंतर मोटारसायकल. २००९ साली, पावसाळा सरता सरता, नेरूळहून पाम बीच रोडने वाशीला चालले होते. एका गाडीने मागे-पुढे न बघता माझ्या लेनमध्ये घेतलं. मी वाचले. हॉर्न दाबून धरला, ओरडले, पण त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. खरं सांगायचं तर ब्रेक मारावा लागला याचा मला राग नव्हता. मी मरता मरता वाचले आणि त्याला त्याची गंधवार्ताही नाही, याचा होता. मी रेस पिळली. मोराज सर्कलच्या अलीकडे तो थांबलेला दिसला. मी त्याच्या नंबरप्लेटवर नजर खिळवून गेले आणि रस्त्याच्या कडेला पसरलेली वाळू मला दिसलीच नाही. पुढचा ब्रेक दाबला मात्र, स्कूटर अंगाखालून निघून गेली. डावं कॉलरबोन मोडलं.

मला उचलायला सगळ्यात आधी तोच धावत आला. त्याने स्कूटरची चावी बंद केली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘ताई, कोणी धडक दिली का?’ त्याला काहीही माहीत नव्हतं. मी त्याच्याशी भांडायला येत होते, हे मला त्याला सांगता आलं नाही. त्याच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी रुग्णालयात गेले. वाटेत तो दोनदा म्हणाला, ‘हल्ली लोक फार बेदरकार चालवतात.’

लेन बदलताना चूक त्याचीच होती, याबद्दल आजही माझं दुमत नाही. पण हाड मोडलं ते त्याच्या चुकीने नव्हे. ते पुढच्या पाचशे मीटरमध्ये मोडलं आणि ते पाचशे मीटर सर्वस्वी माझे होते. ताशी ४० च्या वेगाने पाचशे मीटर म्हणजे ४५ सेकंद. तुमच्याबद्दलही मला एवढंच म्हणायचं आहे. जन्मभर शांत राहण्याचं जमेल तेव्हा जमेल. तुम्हाला आधी ही ४५ सेकंदं सांभाळायला शिकायचं आहे.

ठाण्याच्या माणसाला ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द नवा नसावा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी मराठी घराघरात पोचवली, तिचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट राग आणत नाही. घटना आणि राग यांच्या मध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. तुमचं वाक्य काय होतं ते आठवून बघा. बहुतेक ‘याने मला कट मारला’ हेच असेल. आपल्या बोलीतला हा वाक्प्रचार फार घातकी आहे. कट मारायला हेतू लागतो. तो तुमच्यावर नेम धरून आला होता असं त्यात गृहीत असतं. मग अपमान झाला, मग उत्तर द्यायलाच हवं. वाक्य ‘याने मला पाहिलं नाही’ असं असतं तर? छाती तेवढीच धडधडली असती, ब्रेक तेवढाच जोरात लागला असता. पण पाठलाग करावासा वाटला नसता, कारण ज्याने पाहिलंच नाही त्याला उत्तर कसलं द्यायचं?

हे दुसरं वाक्य मनाची समजूत घालायला सांगत नाही, बहुतेक वेळा तेच खरं असतं. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले नऊशे मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी साधारण दोन-तृतीयांशांत त्या वाहनाने बाईकची वाट अडवलेली होती, आणि त्यामागे पुन्हा पुन्हा सापडलेलं कारण एकच, बाईक दिसलीच नाही किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. आपली वाहतूक वेगळी, शिस्त वेगळी, हे मान्य. पण माणसाचा डोळा तिथेही हाच आणि इथेही हाच.

तो डोळा कसा फसतो हे एकदा स्वतः बघा. मी माझ्या भाच्याबरोबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलं. मी त्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले आणि तो माझी मोटारसायकल ढकलत समोरून तिरका चालत आला. समोरच्या काचेच्या कडेला जो पत्र्याचा जाड खांब असतो, त्याच्यामागे एका क्षणी भाचा आणि मोटारसायकल दोन्ही गायब झाले. मान जरा पुढे केली तर दिसले, पुन्हा टेकले तर गेले. मागच्या दाराच्या रेषेत तो आला तेव्हा ना आतल्या आरशात दिसला, ना बाहेरच्या. आणि मी तर फोन न बघता, जीव लावून त्यालाच शोधत होते! त्यात आणखी एक मेख आहे. लहान वस्तू आपल्याला असते त्यापेक्षा लांब वाटते. समोरून येणारा ट्रक आणि बाईक सारख्याच अंतरावर असले तरी ट्रकसमोर कोणी वळत नाही, बाईकसमोर वळतात. त्यांना खरोखर वाटतं की अजून वेळ आहे. येत्या रविवारी शेजाऱ्याची गाडी पाच मिनिटं मागून घ्या आणि त्यात तुम्ही, मग तुमची बायको, असे आळीपाळीने बसा. त्या पाच मिनिटांनी माझा जेवढा राग उतरला, तेवढा दहा वर्षांच्या उपदेशाने उतरला नव्हता.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, खांबाआड राहिलेल्याला सोडून देऊ, पण हा तर मोबाइल बघत होता! बरोबर आहे. त्याला मी निर्दोष म्हणणार नाही. ताशी ५० च्या वेगाने दोन सेकंद फोनमध्ये बघणारा माणूस २८ मीटर आंधळा जातो, म्हणजे टीएमटीच्या दोन बस एकामागे एक लावल्या तर त्याहूनही जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवणं ठरवलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. या आकड्यांवर तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या, मलाही येतो. नंबर लक्षात ठेवा, कडेला थांबा, वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा. चौकातल्या हवालदाराला सांगितलं तरी चालेल. पण तो राग हँडलवर नेऊ नका.

(आणि एक विचारते. तुमचा स्वतःचा फोन हँडलला लावलेला असतो का? असला तर नकाशापुरता ठेवा आणि मेसेजचे आवाज बंद करा.)

आता रस्त्यावर करायचं काय? माझा अनुभव असा की बेसावध ड्रायव्हर लपत नाही. तो चूक करायच्या आधी पाच-दहा सेकंद सांगत असतो. फक्त आपण त्याच्या चेहऱ्याकडे किंवा इंडिकेटरकडे बघत राहतो आणि तिथे काहीच लिहिलेलं नसतं. बघायचं ते पुढच्या चाकाकडे. गाडीचं धूड वळायच्या आधी चाक वळतं. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळच्या पट्ट्यात सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात घुसणाऱ्या गाड्या तुम्ही रोज बघता. तिथे ड्रायव्हरशी नजरानजर झाली म्हणून निर्धास्त राहू नका. तो तुमच्याकडे बघत असतो आणि तुमच्या पलीकडची बस त्याला दिसत असते. चाकाची रिम फिरायला लागली की तो निघाला, एवढं धरून चाला.

फोनवाला ओळखायला तर फारच सोपा. लेनमध्ये तो हळूहळू एका बाजूला सरकतो आणि मग झटक्यात मध्ये येतो. समोर मोकळं असूनही त्याचा ब्रेकलाइट लागतो आणि विझतो. सिग्नल हिरवा होऊन सगळे सुटतात, हा दोन सेकंद उशिरा हलतो. संध्याकाळी तर चेहऱ्यावर खालून पडलेला पांढरा उजेडच दिसतो, हनुवटी उजळलेली आणि डोळे झाकलेले. वेग एकदम कमी करून डावीकडे रेंगाळणारी टॅक्सी बहुतेक पत्ता शोधत असते आणि ती कुठेही थांबेल. उभ्या गाडीचे मागचे दिवे नुकतेच विझले असतील आणि आत डोकं दिसत असेल, तर दार उघडणारच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-घणसोलीकडे कंपन्यांच्या फाटकांपाशी हे रोज सकाळी बघायला मिळतं.

असा कोणी दिसला की त्याच्या शेजारी राहायचं नाही, विशेषतः मागच्या दाराच्या रेषेत. एक तर मागे राहा, नाहीतर झटकन पुढे निघून जा. साधी खूण सांगते. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसणं शक्यच नाही. हॉर्न आधी वाजवा, छोटा वाजवा. ‘मी इथे आहे’ हे सांगायला तो दिला आहे. चूक झाल्यावर दाबून धरलेल्या हॉर्नचा कोणाला काही उपयोग होत नाही, तुमचाच पारा तेवढा चढतो.

हे बघण्यातून एक गोष्ट आपोआप होते आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. ‘हा आता येणार’ असं तुम्ही मनात म्हणालात आणि तो आलाच, तर राग येत नाही. अंदाज बरोबर ठरल्याचं समाधान वाटतं. राग येतो तो दचकल्यामुळे. पाऊस येणार हे माहीत असेल तर आपण रेनकोट घालून निघतो, ढगाशी भांडत नाही. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं असलं की आपण वैतागतो, पण कोणाचा पाठलाग करत नाही. बेसावध गाडीवाल्याला निम्मं तरी तसंच धरा.

दिसण्याचंही थोडं बघा. हेल्मेट काळं आहे का? न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. चमकणारे कपडे घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी, आणि पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळला होता. पुढचं हेल्मेट घ्याल तेव्हा पांढरं घ्या, आयएसआय मार्कचं. मुलीसाठीही घ्या, तिच्या मापाचं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचं आहे आणि त्या रविवारी तिच्या डोक्यावर ते होतं की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

एवढं करूनही कोणी ना कोणी अंगावर येईलच. तेव्हा काय करायचं, ते मी माझ्या पडण्यानंतर ठरवून टाकलं. धोका टळला की पहिलं काम बोटांचं. राग आला की आपण हँडल आवळून धरतो, कोपरं ताठ होतात, खांदे कानाला लागतात आणि गाडी वळेनाशी होते. म्हणून बोटं सैल सोडायची, कोपरं खाली. मग श्वास. इथे मी सुरुवातीला मागितलेली सूट घेते आहे, पण आत घ्यायचा श्वास सांगत नाही, सोडायचा सांगते. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरेल इतका लांब सोडा. आत तो आपोआप येतो. आणि मग मी मोठ्याने म्हणते, ‘जा बाबा, तू पुढे जा.’ हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू येत नाही. माझी आजी दारात आलेल्या भांडकुदळ माणसाला असंच म्हणायची आणि दार लावून घ्यायची. तुमच्या तोंडात दुसरं काही बसत असेल तर ते म्हणा. पण म्हणा मोठ्यानेच, मनात म्हटलेलं त्या वेळी पुरत नाही.

मग त्याला खरोखरच पुढे जाऊ द्या. रेस सोडा, दोन गाड्या मध्ये येऊ द्या, त्याची नंबरप्लेट नजरेआड जाऊ द्या. ती दिसत राहिली तर राग विझणार नाही. तरीही कानशिलं तापलेलीच असतील तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. पेट्रोल पंप, टपरी, काहीही. गाडी स्टँडला लावा, हेल्मेट काढा, चहा घ्या. शरीरात उसळलेलं ते रसायन ओसरायला काही मिनिटं लागतातच. तोवर नजर अरुंद झालेली असते, समोरचं एकच दिसतं आणि कडेचं काही दिसत नाही. माझी वाळू तशीच राहिली होती.

थांबायला वेळ कुठून आणायचा? तुमच्या पत्रातला ‘महापे’ हा शब्द वाचून मी हाच विचार करत होते. सकाळी कासारवडवलीहून निघायचं, मेट्रोच्या कामाने आवळलेला घोडबंदर रस्ता, माजिवडा, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता, आणि दारात हजेरीचं मशीन. एक मिनिट उशीर झाला की लेट मार्क. त्या मशीनची भीती घेऊन निघालेल्या माणसाला आडवी येणारी प्रत्येक गाडी आपला पगार कापायला आल्यासारखी वाटते. पंधरा मिनिटं आधी निघा. सकाळच्या घरात पंधरा मिनिटं किती महाग असतात हे मला कळतं, डबा, शाळेची बस, नळाचं पाणी. तरीही बायकोशी बोलून ती काढा. बाईक विकण्यापेक्षा हे नक्की स्वस्त आहे आणि तिलाही ते पटेल.

आता मुलगी. तिच्याशी बोलायचं टाळू नका, ती विसरेल असं समजू नका. तिला सरळ सांगा, ‘बाबांनी त्या दिवशी चूक केली. आरसा फोडायला नको होता. बाबा घाबरले होते आणि घाबरून रागावले.’ सहा वर्षांच्या पोराला घाबरणं नीट कळतं, तिला ते रोज अनुभवायला मिळतं. शिवाय ते खरंही आहे. मागे लेक बसलेली असताना ब्रेक मारावा लागला, तर बापाला आधी भीतीच वाटते. राग मागून येतो आणि भीतीवर बसतो.

पुढे ती पुन्हा गाडीवर बसेल तेव्हा तिला एक काम द्या. मानपाड्याच्या सिग्नलला थांबलात की विचारा, ‘यातला कोण रस्त्याकडे बघत नाहीये?’ ती बोट दाखवेल. म्हणा, ‘शाब्बास, मग आपण त्याच्या मागेच राहू.’ बोट तेच, गाड्या त्याच, फक्त त्यापुढचं वाक्य बदलेल. मुलांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. माझ्या भाचीने याच वयात मला एकदा सांगितलं होतं, ‘मावशी, त्या काकांच्या मांडीवर लाइट आहे.’ फोन त्यांच्या मांडीवर होता, मला तो दिसला नव्हता.

एक गोष्ट मला पत्रावरून कळली नाही. हा राग रस्त्यावरच येतो की घरात, ऑफिसातही? झोप नीट लागते का? रस्त्याबाहेरही असंच होत असेल तर हा विषय बाईकचा उरत नाही आणि एका पत्रोत्तराने तो सुटणार नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे जाऊन बोला. जाणं जमत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ वर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ‘मला माझीच भीती वाटते’ एवढं एक वाक्य तिथे सांगितलं तरी सुरुवात होईल. मला तुम्ही ते लिहिलंत, म्हणजे अवघड भाग झालेला आहे.

बाईक विकू नका. निदान माझ्या सल्ल्याने तरी नको. पण एक महिना मुलीला मागे बसवू नका. एकट्याने त्या ४५ सेकंदांचा सराव करा आणि बायकोला रोज रात्री सांगा की आज किती वेळा ‘जा बाबा’ म्हणावं लागलं. महिन्याने तिलाच ठरवू द्या.

आणि पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की पुढचा ब्रेक जरा कमी लागतो, तेवढंच. ते तेवढंच नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. कापूरबावडीला तुम्ही ‘कसाबसा’ ब्रेक मारला, त्या कसाबसामध्ये हा ब्रेकही होता. डिस्क असेल तर पॅड आणि ऑइल बघायला सांगा, ड्रम असेल तर शू आणि केबल. उद्या ऑफिसला जायच्या आधी गॅरेज उघडं नसेल तर उद्या बसने जा.